सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या गळतीबद्दल आपल्या तक्रारीला दुकानमालकाचे उत्तर

सन्माननीय महोदया,

स. न. वि. वि.

आपण आमच्या नायगावच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी वाचला आणि त्यानंतर आपल्या मशीनची नोंदवहीतील दोन्ही पाने काढून, काम केलेल्या कारागिराला समोर बसवून मगच हे उत्तर लिहीत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : सासूबाईंच्या वेळचे दोन टबांचे कपडे धुण्याचे मशीन आम्ही जूनमध्ये दुरुस्त केले, त्याचे १,४५० रुपये घेतले, ऐन पावसाळ्यात ते ११ दिवस दुकानात ठेवले, आणि ऑगस्ट संपायच्या आत मोरीत पुन्हा पाणी साचू लागले, त्यावर आमच्या माणसाने "आता दुसरे सील गेले आहे, नवीनच मशीन घ्या" असे सांगितले, म्हणून ही फसवणूक आहे. फसवणूक झालेली नाही, परंतु चूक झाली आहे आणि ती आमची आहे.

जूनमध्ये मशीन आले तेव्हा गळती धुण्याच्या टबाखालून होती. टबात पाणी भरून, मशीन बंद ठेवून, खाली वर्तमानपत्र अंथरले असता कागद मधोमध, टबाच्या तळाशी कपडे घुसळणाऱ्या पंख्याच्या शाफ्टच्या (दांड्याच्या) बरोबर खाली भिजला, अशी नोंद आहे. म्हणजे शाफ्टभोवतीचे ऑइल सील गेले होते. या सीलला आतून रबराचा एक पातळ ओठ असतो आणि त्याच्यामागे बारीक स्प्रिंगचे कडे असते. ते कडे ओठाला शाफ्टवर सतत दाबून धरते, म्हणून शाफ्ट फिरत असतानाही पाणी खाली उतरत नाही. वर्षानुवर्षांच्या वापराने ओठ कडक होतो, झिजतो. पण झीज एकट्या रबराची होत नाही. कपड्यांतून आलेली रेती आणि न विरघळलेल्या पावडरचे कण ओठाखाली अडकतात, आणि तेवढे मऊ रबरसुद्धा त्या कणांच्या जोरावर शाफ्टच्या धातूवर गोल चरा पाडते. नखाचे टोक त्या चऱ्यात अडकले, तर नवे सील कितीही चांगले असले तरी जुन्या जागी टिकत नाही, कारण त्याचा ओठ नेमका त्याच खोलगट भागावर येऊन बसतो.

आपल्या मशीनच्या शाफ्टवर असा चरा होता. आमच्या नोंदवहीत "शाफ्ट घासलेला" असे दोन शब्द आहेत. आपल्याला दिलेल्या पावतीवर मात्र ते नाहीत आणि तोंडीही आपल्याला कोणी सांगितले नाही. अशा वेळी सील दीड-दोन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवून बसवता येते, म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर येतो; सील बसते त्या खाचेत तेवढी जागा नसेल तर शाफ्टवर पातळ धातूची बाही चढवावी लागते किंवा शाफ्टच बदलावा लागतो. आमच्या कारागिराने यांपैकी काहीही न करता नवे सील होते त्याच खोलीवर ठोकून बसवले. ते अडीच महिने टिकले हेच विशेष. या कामाचे पैसे घेण्याचा आम्हाला अधिकार नव्हता असे माझे मत आहे.

दुसऱ्या गळतीबद्दल मात्र मला कारागिराची बाजू मांडावी लागेल. ऑगस्टमध्ये तो आपल्या घरी आला तेव्हा त्याला दोन ठिकाणी पाणी दिसले : पंख्याखाली बारीक झिरप, आणि ड्रायर फिरवताच त्या बाजूने धार. ड्रायरच्या टबाखाली घडीघडीचा रबरी बेलो असतो. ड्रायर फिरताना थोडा डोलतो आणि बेलो त्याच्याबरोबर वाकत असतो, म्हणून तो घड्यांच्या रेषेवरच फाटतो. कारागीर म्हणाला ते दुसरे सील म्हणजे हा बेलो, आणि तो जूनमध्ये आम्ही उघडलाही नव्हता. त्या वेळी ड्रायर कोरडा होता आणि तशी नोंद आहे. या बेलोवर तेलाचा थर आढळला. गळती थांबावी म्हणून घरात कोणी खोबरेल तेल लावले असेल, तर त्यामागचा हेतू मी समजू शकतो, आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या जुन्या मशीनांना ते लावलेले असते. परंतु तेलाने नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते आणि घडीवर लवकर चिरते. रबराला चालते ते सिलिकॉनचे ग्रीस, तेही बोटाला लागेल एवढेच.

११ दिवसांचे कारण साधे आहे. ऑइल सील हा सर्वसाधारण माल आहे; आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापे जुळली की मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात ते मिळते. आपल्या सीलवरचे आकडे पुसले गेले होते, त्यामुळे आम्ही व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या पट्टीने) मापले, आणि पहिल्यांदा आणलेले सील बाहेरून सैल निघाले. त्यात एक आठवडा गेला. आपल्याला रोज फोन करून हे कळवायला हवे होते, ते केले नाही.

"नवीन मशीन घ्या" हे वाक्य आमच्या दुकानात कोणी बोलू नये, असे मी त्याच दिवशी सर्वांना सांगितले आहे. ज्या घरात पालिकेचे पाणी ठरावीक वेळेतच येते, तिथे बादलीने भरता येणारे, मध्येच थांबवता येणारे आणि पांढऱ्या कपड्यांचे साबणपाणी रंगीत कपड्यांना पुन्हा वापरू देणारे मशीन लोक का सोडत नाहीत, हे मला चांगले ठाऊक आहे. आपल्या मशीनच्या दोन्ही मोटरी उत्तम आहेत. ते टाकून देण्याजोगे नाही.

आता आम्ही काय करणार ते सांगतो. पंख्याचा शाफ्ट काढून त्यावर बाही चढवणे किंवा तो बदलणे, आणि त्यावर नवे सील, हे काम पूर्णपणे आमच्या खर्चाने होईल. बेलोची केवळ खरेदीची किंमत आपण द्यावी. मजुरी घेणार नाही. तो बेलो त्या मॉडेलपुरताच असतो आणि आता नवा सहसा मिळत नाही, म्हणून जुन्या मशीनमधून काढलेला बसवावा लागला तर बसवण्याआधी तो आपल्याला वाकवून, ताणून दाखवू. काढलेले सर्व भाग आपल्या हाती देऊ. हे मान्य नसेल, तर पावती घेऊन या, १,४५० रुपये परत मिळतील.

काम झाल्यावर ड्रायरमध्ये कपडे कडेने सारखे पसरून वरची प्लास्टिकची जाळी दाबून लावावी, कारण एका बाजूला जड झालेला ड्रायर बेलोला सर्वांत लवकर मारतो. पावडर आधी बादलीत विरघळवून घ्यावी. गावाला जाऊन महिनाभर मशीन बंद राहणार असेल, तर जाण्यापूर्वी टबात साधे पाणी फिरवून साबण धुऊन काढावा आणि दोन्ही झाकणे उघडी ठेवावीत.

तोपर्यंत एक विनंती आहे, आणि ती टाळू नये. ड्रायर अजिबात चालवू नका. त्याची मोटर टबाच्या बरोबर खाली असते आणि फाटलेल्या बेलोतून उतरणारे पाणी थेट तिच्यावर पडते. वाइंडिंग (मोटरीतील तारांचे वेटोळे) जळेल हा पुढचा प्रश्न, ओल्या मोरीत मशीनच्या पत्र्याला हात लागून विजेचा धक्का बसू शकतो. प्लग काढून ठेवावा. पावतीवरच्या क्रमांकावर आपण वेळ कळवलीत की मशीन न्यायला मी स्वतः येईन.

आपला नम्र,
दुकानमालक