‘बरं वाटतंय, मग एमआरआय कशाला?’

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हटलंय: मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (एमएस; यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते) पेशंटला दरवर्षी मेंदूचा एमआरआय सांगणं हा स्कॅन सेंटरचा धंदा. औषध लागू पडतंय का, ते अंगालाच कळतं. वरून रेडिएशन, स्कॅनसाठी टोचतात त्या डायने किडनी जाते. आणि स्कॅनवर एक जरी नवा डाग (सूज किंवा जखमेची खूण) निघाला तर औषध फेल.

रेडिएशनचं आधी उरकतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. चुंबक आणि रेडिओलहरी असतात. सीटी स्कॅनशी गल्लत झालीय.

‘अंगाला कळतं’ हे मात्र धोक्याचं. एमएसमध्ये बहुतेक नवे डाग गुपचूप पडतात. जाणवेल असा एक अटॅक (लक्षणांचा झटका) येईतो एमआरआयवर पाच-दहा नवे डाग दिसू शकतात. डोळ्याच्या नसेवर किंवा मज्जारज्जूत सूज आली की लगेच बोंब होते. मेंदूत इतरत्र आली तर माणूस कॉलेज रोडवर मजेत गाडी चालवत असतो. उलटंही घडतं. मे महिन्यात भर दुपारी सीबीएसला बसची वाट पाहत उभं राहिलं, की जुनाच पाय जड होतो, नजर अंधुक होते. सावलीत अंग गार झालं की उतरतं. तो नवा अटॅक नव्हे, उष्णतेने जुनी जखम बोलते इतकंच. अंगावर विसंबणारा दोन्हीकडून फसतो.

डायबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. किडनी आधीच फार कमजोर असेल तर गॅडोलिनियम, म्हणजे हाच डाय, जपून देतात. त्याचा अंश मेंदूत राहतो हेही खरं. त्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण उगाच टोचायचं कशाला? म्हणूनच २०२१च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार नेहमीच्या तपासणीत बहुतेकदा डाय लागत नाही. म्हणजे नको म्हणायचं तर डायला म्हणा, स्कॅनला कशाला?

आता ‘एक डाग, औषध फेल’. औषधाचा पूर्ण जोर यायला काही आठवडे ते काही महिने जातात. त्या मधल्या काळातला डाग औषधाच्या माथी मारणं अन्याय आहे. म्हणून साधारण तीन ते सहा महिन्यांनी नवा बेसलाइन एमआरआय काढतात आणि पुढची तुलना त्याच्याशी करतात. नॅटालिझुमॅब या एमएसच्या औषधावर असलेल्या, जेसी विषाणूमुळे जास्त जोखीम असलेल्या पेशंटला तर तीन-चार महिन्यांनीही स्कॅन सांगतात, कारण पीएमएल हा मेंदूचा जीवघेणा संसर्ग लक्षणांआधी स्कॅनवर दिसू शकतो.

पैशांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. पण पैसे वाया जातात ते वेगळ्याच कारणाने. या वर्षी गंगापूर रोडला, पुढच्या वर्षी मुंबईला, मशीन वेगळं, स्लाइसची जाडी वेगळी. फिल्म डिकीत दुमडलेल्या आणि जुनी सीडी घरी. तुलनेला काही नसेल तर रेडिओलॉजिस्ट ‘अनेक डाग’ लिहितो. त्यातले नवे किती, ते सांगणार कसं? असा रिपोर्ट हातात पडल्यावर फॉरवर्ड लिहिणाऱ्याचा संताप मला समजतो.