पाण्याशी वैर

घराला तळघर असावं, ही कल्पना माझी. हे विसरू नये म्हणून घरची मंडळी मला रोज दोन वेळा आठवण करून देतात.

फुटिंगचे, म्हणजे पायाच्या काँक्रीटचे, चर खणून झाले त्या रात्रीच पावसाने मुक्काम ठोकला. सकाळी पाहतो तर चरांमध्ये गुडघाभर पाणी. मिस्त्री म्हणाले, "चिखलावर माल टाकला तर फुटिंग खचेल. पाणी उपसा आणि मऊ माती खरवडून काढा." पंपाने अर्ध्या तासात मान टाकली. पुढचं पाणी मी बादलीने उपसलं. किती बादल्या, ते कंबरेला विचारा.

फुटिंगं एकदाची भरली. मग आला तळघराच्या जमिनीचा स्लॅब. 6 मीटर बाय 5 मीटर, जाडी 10 सेंटिमीटर. अर्धी वीतसुद्धा नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. हिशेब केला तर 3 घनमीटर, आणि काँक्रीटचा एक घनमीटर भरतो साधारण 2400 किलो. म्हणजे सात टनांच्या वर माल, आणि ओढायला तीन माणसं, त्यांतला एक मी.

त्याआधी लेव्हल घेतली. मिस्त्रींनी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. दोन्ही टोकांचं पाणी एका उंचीवर राहतं, त्यावरून लेव्हल जुळवायची; आत बुडबुडा असला की ती चुकते. "बुडबुडा नाही ना?" त्यांनी विचारलं. मी न बघताच "नाही" म्हणालो.

माल पडायला लागला आणि तो काही केल्या हलेना. फावडं आत जायचं, पण बाहेर यायला तयार नसायचं. मी हळूच नळाकडे सरकलो. "थोडं पाणी मारू का?" दुधात पाणी घालताना गवळी सापडावा, तसं मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं, सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. त्याला लागतं तेवढंच पाणी द्यायचं. जास्तीचं नंतर उडून जातं आणि मागे बारीक भोकं ठेवतं. माझ्यासारखीच पोकळ ताकद, असं ते म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर होतं.

एवढ्यात माझा डावा गमबूट मालात रुतला. मी ओढला, तर पाय आला, बूट राहिला आणि मोजा थेट मालात टेकला. मिस्त्री ओरडले, "साहेब, पाय धुवा आधी! सिमेंट कातडी खातं!" दिवसभरात पाणी वापरायची मला मिळालेली ती पहिली परवानगी.

दुसऱ्या दिवशी हुकूम फिरला. आता रोज पाणी मारायचं, निदान सात दिवस स्लॅब सुकू द्यायचा नाही. पूर्ण ताकद धरायची तर 28 दिवस. काल थेंबासाठी शिव्या, आज नळी हातात. मी मुकाट्याने मारत राहिलो.

आठव्या दिवशी बायको खाली आली. तिने तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. पाणी कोपऱ्यातल्या जाळीकडे निघालं, मध्यावर थबकलं, वळलं आणि थेट जिन्याखाली जाऊन बसलं.

मला तो बुडबुडा आठवला. मिस्त्रींनाही आठवला असावा. ते शांतपणे म्हणाले, "बाकी तळघर कोरडं आहे की, साहेब."