पारसिकचा डोंगर आणि पाण्याचं बिल

आमच्या घरच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एक भांडण ठरलेलं. ठाण्यात गुडघाभर पाणी साचलं की भाचा लिहितो, 'क्लायमेट चेंज! सगळं गोऱ्यांचं पाप.' कळव्याच्या मामांचं उत्तर तयारच असतं, 'हवामान कायमच बदलत आलंय. हिमयुग काय गाड्यांच्या धुराने संपलं?' दोन्हीकडे अंगठे पडतात, पाणी ओसरतं, भांडणही ओसरतं. मी हे वाचते ती नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अशा भागात बसून, जो समुद्रसपाटीच्या जवळपास ६ मीटर खाली आहे. त्यामुळे गप्प बसवत नाही.

मामांचं अर्धं बरोबर आहे. त्यांच्या गॅलरीतून दिसणारा पारसिकचा डोंगरच त्यांचा साक्षीदार. तो काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर थरावर थर पसरलेला लाव्हा. लाखो वर्षं चाललेल्या त्या उद्रेकांतल्या वायूंनी पृथ्वीचं हवामान ढवळून काढलं, तेव्हा माणसाचा पत्ताही नव्हता. हिमयुगं येतात-जातात ती पृथ्वीच्या कक्षेच्या आणि आसाच्या संथ हेलकाव्यांमुळे. फिलिपिन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीने तर १९९१ मध्ये इतका गंधकाचा वायू वर फेकला, की पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं.

पण 'बदलत आलंय' म्हटल्याने 'आत्ता कोण बदलतंय' याचं उत्तर मिळत नाही. शेवटचं हिमयुग सरताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख कणांत १८० वरून २६० च्या आसपास जायला हजारो वर्षं लागली. हवाई बेटांवरच्या मौना लोआला १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा आकडा ३१५ च्या घरात होता. आज तो ४२० च्या वर आहे. मामांच्या एका आयुष्यात एवढी उडी!

ती कुठून आली, तेही कळतं. झाडांत, आपल्या अंगात थोडा कार्बन-१४ असतो आणि तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात-तेलात तो उरतच नाही. हवेतल्या कार्बनमध्ये असा कार्बन-१४ नसलेला जुना कार्बन मिसळत चाललाय, हे अणुचाचण्यांनी हवेत नवा कार्बन-१४ सोडून हिशेब विस्कटण्याआधीच, १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं. मामा रेल्वेतून निवृत्त इंजिनिअर. त्यांनी लगेच पकडलं, 'ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसणार.' नसतोच. पण आजचे सगळे ज्वालामुखी मिळून जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या धुराच्या एक टक्काही भरत नाही. आणि सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय. यावर मामांनी फक्त 'हं' लिहिलं. आमच्या घरात ही मोठी कबुली समजतात.

आता भाचा. त्याचंही खोटं नाही. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड पडतो, इथे त्याच्या जवळपास तिप्पट. मी दर डिसेंबरला आईच्या हातचं खायला विमानाने येते, त्या एका फेरीतच टनभर तरी जातो. गोऱ्यांच्या पापात माझा वाटा भाच्याने अजून मोजलेला नाही, एवढंच.

मला खुपतं ते वेगळंच. 'निसर्ग' म्हटलं काय आणि 'गोरे' म्हटलं काय, दोन्हींत कळव्यातलं, वाशीतलं कुणीच सापडत नाही. वाशीचा बराच भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने शहर वसवताना डचांचीच युक्ती उचलून धारण तलाव केले. भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात. ओहोटी लागली की झडपा उघडून पाणी खाडीत. साधी, सुंदर गोष्ट. तलावांत गाळ भरत गेला, गाळात तिवरं उगवली. तिवरं तोडायची नाहीत, म्हणजे गाळही काढायचा नाही, असा तिढा होऊन बसला. पारसिकला खाणींनी कुरतडलं. तलाव कुणामुळे तुंबला हे कळायला कार्बन-१४ लागत नाही. जास्त पाऊस जगाच्या तापण्यातून आला असेलही, पण तो वाशीत कुठे थांबेल हे तलावाच्या खोलीवर ठरतं. पूर्वी 'देवाची करणी' म्हणून हात झटकायचे, आता 'क्लायमेट चेंज' म्हणून झटकतात.

इथे दरवर्षी पाणी-मंडळाचं वेगळं बिल येतं. बांध, पंप, कालवे यांसाठीच. ही मंडळं तेराव्या शतकापासूनची, आणि त्यांची निवडणूक होते. मागची मार्च २०२३ मध्ये झाली. हवामान कोण बदलतंय यावर माझ्या शेजाऱ्याचं मत मामांसारखंच आहे, पण बिल तो मुकाट्याने भरतो.

डच काही संत नाहीत. शतकानुशतकं दलदल उपसून यांनी स्वतःचीच जमीन खचवली, मग समुद्राला बोल लावला. ग्रोनिंगेनचा नैसर्गिक वायू दशकानुदशकं विकला; तिथल्या घरांच्या भिंती त्या उपशाने आलेल्या भूकंपांनी तडकल्या तेव्हा कुठे उपसा थांबवायचं ठरलं. सरकार धूर पुरेसा कमी करत नाही म्हणून नागरिकांना कोर्टात जावं लागलं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारलाच दटावलं. तरी त्या खटल्यात 'कुणी' या प्रश्नाला एक पत्ता होता.

१९५३ च्या पुरात इथे १,८३६ माणसं गेली. झीलंड प्रांतात पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. आमच्या वाशीच्या बिल्डिंगमध्येही मीटरच्या खोलीत २६ जुलै २००५ ची एक खूण होती, बाबांनी खडूने काढलेली. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पडला होता. गेल्या वर्षी सोसायटीने रंगकाम काढलं, त्यात ती पुसली गेली. बाबांनी ती पेन्सिलीने परत काढली आहे, अंदाजाने. आई म्हणते चार बोटं खाली आलीय.