कांजिण्यांनंतरचा पक्षाघात: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कांजिण्या झाल्यावर काही महिन्यांत क्वचित एखाद्या मुलाची मेंदूची धमनी अरुंद होऊन पक्षाघात होतो, त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर ‘धमनी काही महिन्यांत आपोआप मोकळी होते असं तुम्हीच लिहिता, मग एवढ्या तपासण्या आणि औषधं कशाला? उगाच पालकांना घाबरवता,’ असा तुमचा आक्षेप आहे.

हा प्रकार दुर्मीळच. कांजिण्या झालेल्या सुमारे १५ हजार मुलांमागे एक, असा एक जुना अंदाज आहे. म्हणून प्रत्येक मुलाचा एमआरआय करा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण मुलाचा एक हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर वर्षभरात कांजिण्या झाल्या होत्या का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. फोड वाळून चार महिने झाले की ते घरात कुणाला आठवतही नाही.

विषाणू चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत दडून राहतो. त्याच मज्जातंतूचे धागे मेंदूच्या मोठ्या धमन्यांपर्यंत पोचतात. तिथे भिंतीला सूज येते, आतली वाट अरुंद होते, खडबडीत झालेल्या अस्तरावर गुठळी धरते. धमनी नुसती आखडलेली नसते. नेमक्या याच जागेवरून मेंदूच्या खोल भागाला रक्त नेणाऱ्या बारीक फांद्या निघतात. त्यांचं रक्त तुटलं की तिथल्या पेशी मरतात. पुढे धमनी रुंद झाली तरी त्या परत येत नाहीत.

शिवाय अरुंदपणा सुरुवातीचे काही आठवडे वाढू शकतो आणि दुसरा झटका येण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक. म्हणून ॲस्पिरिन (वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३ ते ५ मिलिग्रॅम), निवडक मुलांत स्टेरॉइड, विषाणू सक्रिय असल्याची शंका असेल तर शिरेतून असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध. ठरवणार बालमेंदूविकारतज्ज्ञच. अंगावर कांजिण्या किंवा फ्लू असताना घरच्या घरी ॲस्पिरिन अजिबात देऊ नका. यकृत आणि मेंदूला घातक असा रे सिंड्रोम होऊ शकतो.

साधा सीटी पहिल्या काही तासांत स्वच्छ दिसू शकतो, त्यावर निश्चिंत होऊन घरी परतू नका. डिफ्युजन एमआरआय (मेंदूतली ताजी इजा लवकर दाखवणारा) आणि सोबत एमआरए (एमआरआयवरच काढलेलं धमन्यांचं चित्र) मागा. अरुंदपणा वाढला की कमी झाला, हे पाहायला एमआरए काही आठवड्यांनी पुन्हा करावा लागतो. पुण्यात कोथरूड असो वा हडपसर, १०८ ला फोन करतानाच रात्री एमआरआय आणि लहान मुलांचा आयसीयू कुठे आहे ते विचारा. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या रुग्णालयात हलवण्यात तास जातो.

कांजिण्यांची लस सरकारी मोफत लसीकरणात नाही. बालरोगतज्ज्ञांकडे विकत मिळते, दोन डोस, पहिला साधारण १५ महिन्यांना.