इसबगोल ठीक, पण पाण्याचं काय?
लेखात म्हातारपणच्या बद्धकोष्ठतेवर रात्री इसबगोल घ्या एवढंच लिहिलंय, पण त्याच्यासोबत पाणी किती ते कुठंच नाही आणि खरी गोची तिथंच आहे. आमची आई ७८ वर्षांची, फोंड्याला असते, रात्री बाथरूमला उठायला लागतं म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही, वरून दोन चमचे इसबगोल अर्ध्या कपात, मग काय, पोट अजूनच गच्च. तो भुसा पाणी शोषून फुगतो, पाणी कमी पडलं तर आतच अडकतो, मोठा ग्लासभर तरी पाहिजे (हार्ट, किडनीवाल्यांनी डॉक्टरला विचारूनच).

दुसरं म्हणजे चालू गोळ्या बघा! आईला लोहाच्या गोळ्या लागल्या आणि त्यानंतरच हे सगळं सुरू झालं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आमची ट्यूब पेटली. ट्रामाडोलसारख्या दुखण्याच्या गोळ्या पण असंच करतात. मनाने बंद मात्र करू नका.

आता मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई (गोव्याचा गव्हाचा पाव), जेवणात अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) नाहीतर तांबडी भाजी (लाल माठ), आणि नाश्ता झाल्यावर अर्ध्या तासात कमोडवर, पायाखाली छोटं स्टूल, कारण खाल्ल्यावर आतडी आपोआप हलतात. फरक पडला, पण दोन आठवडे लागले हां.

आणि एक, चार-पाच दिवस साफ नाही आणि अचानक पातळ गळायला लागलं तर जुलाब समजून ते थांबवायची गोळी देऊ नका, कधीकधी आत शौचाचा घट्ट खडा अडकून बाजूने पातळ येत असतं, शेजारच्या आजोबांचं तसंच झालेलं.. रक्त दिसलं किंवा वजन उतरायला लागलं तर घरगुती काही नको, थेट डॉक्टर.