स्टीलचा गंज आणि पाइपाचा थकवा : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुम्ही लिहिलंय, ‘स्टेनलेस स्टील गंजत नाही. अणुभट्टीतलं पाणी आपल्या आरओपेक्षा स्वच्छ, त्यात ऑक्सिजनही ठेवत नाहीत. मग थकवा कसला? आमच्या घरचा स्टीलचा गंज तीस वर्षं चालतोय. खेड्यात बसून लोकांना भेवाडू नका.’

खेड्यात बसतो, हे खरं. पण मी लिहिलं होतं ते अणुभट्टीतल्या स्टेनलेस पाइपांच्या ‘पर्यावरणीय थकव्या’बद्दल, म्हणजे ताणाचे फेरे सोसून पाण्यात पाइप लवकर चिरतो त्याबद्दल. गंजण्याबद्दल अक्षरही नव्हतं. (आपल्याकडे भांड्यालाच गंज म्हणतात, त्याचा घोळ निराळा!)

मे महिन्यात संध्याकाळी टिनाचं छप्पर निवताना कडकड वाजतं, ते तुम्हीही ऐकलं असेल. पाइपाचंही तेच. तापला की वाढतो, निवला की आकसतो. पण टोकांना जखडलेला, म्हणून ताण त्याच्याच अंगात राहतो. असे फेरे साचत गेले की बारीक चीर पडते. ‘पर्यावरणीय’ म्हणजे इथे फक्त भोवतालचं पाणी. शब्द मलाही आवडत नाही, पण रूढ झालाय.

तुकडा तोच, ताण तोच. एकदा हवेत, एकदा अणुभट्टीसारख्या 300 अंशांच्या आसपासच्या पाण्यात. पाण्यात तो कितीतरी कमी फेऱ्यांत तुटतो, काही परिस्थितींत दहापटीहूनही कमी. हवेतले फेरे आणि पाण्यातले फेरे यांच्या गुणोत्तरावरच 2007 साली अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने नव्या भट्ट्यांसाठी मार्गदर्शिका काढली. आणि तुमचा ऑक्सिजनचा मुद्दा इथे उलटा पडतो. साध्या कार्बन स्टीलला ऑक्सिजन कमी असलेलं पाणी मानवतं, स्टेनलेसला तेच जास्त बाधतं. ताण जितका सावकाश चढेल तितकं नुकसान अधिक. भट्टी सुरू करताना ती हळूहळू तापवतात, तेव्हा नेमका असाच ताण चढतो. तुमचा गंज रोज चुलीवर चढतो, पण त्याला कोणी दोन्हीकडून जखडत नाही.

दोन गोष्टी मात्र मान्य. फ्रान्समधल्या सिव्हो इथल्या अणुभट्टीत मे 1998 मध्ये पाइपाचं कोपर चिरून गळती झाली, ते उदाहरण मी घाईत घुसडलं. तिथे गरम आणि थंड पाणी एकत्र येत होतं. दोष मुख्यतः त्या तापण्या-निवण्याचा, भोवतालच्या पाण्याचा नव्हे. दुसरं, ‘आपल्या अणुभट्ट्यांत’ असं मी सरसकट लिहिलं. गुजरातेतल्या काक्रापारसारख्या आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत उष्णता वाहून नेणारे मोठे पाइप मुख्यतः कार्बन स्टीलचे असतात, म्हणून स्टेनलेसचं म्हणणं त्यांना तसंच लागू नाही. ते वाक्य आज बदललंय. भेवाडल्याचा आरोप तेवढ्यापुरता घेतो.