कोअर दुप्पट म्हणून वेग दुप्पट होत नाही

कोअर म्हणजे प्रोसेसर चिपमधला, सूचना स्वतंत्रपणे चालवणारा एक भाग; सीपीयू म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर. लॅपटॉप-फोन घेणाऱ्यांसाठी एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘आठ कोअर म्हणजे चारच्या दुप्पट वेग. कोअर मोजा आणि घ्या. ग्राफिक्स कार्डात तर हजारो कोअर असतात, सीपीयूचे दिवस संपले.’ यावर विसंबून लोक कष्टाचे पैसे घालतात, म्हणून हे लिहितोय.

‘दुप्पट वेग.’ याची मर्यादा कॉम्प्युटर-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ सालीच दाखवली. कामाचा १० टक्के भाग एकापाठोपाठ एकच करावा लागत असेल, तर आठ कोअर लावून वेग वाढतो साधारण ४.७ पट. कितीही कोअर ओता, १० पटीपुढे जात नाही. मेमरीची वाट पाहण्यात जाणारा वेळ तर यात धरलेलाच नाही.

‘कोअर मोजा.’ खरी फसगत इथे होते. चिपवरची जागा आणि तिला झेपणारी उष्णता ठरलेली असते. तेवढ्यातच कोअर वाढवायचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला ट्रान्झिस्टर (चिपवरचे सूक्ष्म स्विच) कमी येतात. मग कॅशे (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) लहान होते, किंवा अडलेली सूचना बाजूला ठेवून पुढची आधी उरकण्याची सोय काढावी लागते. मीडियाटेकच्या हेलिओ एक्स२० या फोनच्या चिपमध्ये दहा कोअर होते; त्यांतले आठ वीज वाचवणारे, सूचना क्रमानेच चालवणारे ए५३ जातीचे, दमदार ए७२ जातीचे फक्त दोन. २०१५ च्या आयफोन ६एसमध्ये दोनच कोअर होते, पण मोठे, आणि एका थ्रेडच्या (एकापाठोपाठ चालणाऱ्या सूचनांच्या एका साखळीच्या) कामात तोच पुढे होता. एएमडीने २०११ च्या एफएक्स मालिकेत दोन-दोन कोअरना एकच फ्लोटिंग पॉइंट युनिट (दशांश आकड्यांची गणितं करणारा भाग) दिलं. अशा चार जोड्यांच्या चिपला ‘आठ कोअर’ म्हणावं का, यावरून अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला. २०१९ मध्ये कंपनीने तडजोड केली.

‘हजारो कोअर.’ एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डात ३२ थ्रेडचा गट एका वेळी एकच सूचना चालवतो. प्रोग्रॅममध्ये ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ आलं आणि थ्रेड दोन वाटांनी फुटले, की आधी एक वाट चालते, मग दुसरी. तोवर उरलेले थांबतात. मॅट्रिक्सच्या गुणाकारात असं क्वचितच घडतं. कंपायलरमध्ये (प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पावलोपावली घडतं, म्हणून तिथे सीपीयूच लागतो.

कोअर वाढले ते नाइलाजानेही. एकाच कोअरचा वेग वाढवत नेताना उष्णता आवरेना, म्हणून इंटेलने २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. काम खरंच वाटता येत असेल तर जास्त कोअर जरूर घ्या: व्हिडिओ एन्कोडिंग, थ्रीडी रेंडरिंग. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ट्रान्सप्यूटर (एकमेकांना जोडून वापरायचे प्रोसेसर) जोडून परम ८००० हा महासंगणक उभारला, तो असंच वाटून करता येणाऱ्या वैज्ञानिक गणितांसाठी.